जुनी डिझेल डिझायर: सौद्याआधी काय बघायचं

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल इंजिनाला रामराम केला. होंडा अमेझ आणि ह्युंदाई ऑरा यांनी आणखी थोडी वर्षं डिझेल चालवलं, मग त्यांनीही बंद केलं. त्यामुळे आज कमी बजेटमध्ये डिझेल सेदान हवी असेल तर शोरूमची पायरी चढण्यात अर्थ नाही, जुन्या गाड्यांच्या बाजारातच जावं लागतं. मराठवाड्यात त्या बाजारात कुठेही गेलात, संभाजीनगरला, लातूरला की नांदेडला, तरी रांगेत तीन-चार पांढऱ्या डिझायर उभ्या दिसतातच. म्हणून ही पारख डिझायरची. बाकीच्या गाड्यांचा हिशेब पुढे येईलच.

इंजिन १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं. मूळ फियाटचं मल्टिजेट, मारुतीच्या बॉनेटखाली त्याचं नाव डीडीआयएस. ताकद ७५ पीएसच्या आसपास, टॉर्क १९० न्यूटन मीटर, तोही २००० आरपीएमला. टर्बो साधा आहे, पात्यांचा कोन बदलणारा व्हीजीटी नाही. टायमिंगला पट्टा नाही, चैन आहे. बीएस-४ असल्यामुळे सायलेन्सरमध्ये डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीची, भानगड नाही. आपल्याकडच्या वापराला ही शेवटची गोष्ट फार मोलाची. रोज गाव ते तालुका दहा-बारा किलोमीटर जाऊन येणाऱ्या बीएस-६ डिझेलचा डीपीएफ कधी नीट तापतच नाही, काजळी साचत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुन्या डिझायरला हे दुखणं नाही.

पण डिझेल मुळात परवडतं का, हे आधी बघा. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू. परभणीकरांनी दोन्हीत थोडी भर घालावी, त्यांना डेपोच्या अंतराचा भुर्दंड नेहमीच बसतो. डिझेल डिझायर मिश्र वापरात लिटरला २१ आणि पेट्रोल डिझायर १७ देते असं समजलं, तर डिझेलचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ३८ पैसे आणि पेट्रोलचा ६ रुपये १८ पैसे. फरक १ रुपया ८० पैशांचा. महिन्याला १५०० किलोमीटर धावणाऱ्याचे २,७०० रुपये वाचतात, वर्षाला ३२ हजारांवर. महिन्याला ४०० किलोमीटरच धावणाऱ्याचे वाचतात ७२० रुपये, म्हणजे वर्षाला साडेआठ हजार. ही सगळी बचत एका इंजेक्टरच्या कामात जाऊ शकते. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत वापर असेल तर पेट्रोल घ्या. घराजवळ पंप असेल आणि डिकीत टाकी चालणार असेल तर २०२२ नंतरची कंपनी फिटेड सीएनजी डिझायर बघा. डिझेल त्यांच्यासाठी, ज्यांची आठवड्याला एक पुण्याची फेरी ठरलेली आहे किंवा ज्यांचं काम जिल्हाभर पसरलेलं आहे.

आता कोणती डिझायर. २००८ ते २०११ ची पहिली, चार मीटरहून लांब असलेली गाडी आता सोडून द्या. तिची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे किंवा संपलीच आहे. फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर एवढं करून हाती दमलेली गाडीच राहते. २०१२ ते २०१७ ची दुसरी पिढी ३९९५ मिलिमीटरची, आखूड शेपटीची. डिकी ३१६ लिटर, म्हणजे लग्नाच्या दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर. पण जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर आणि टाकी ४२ लिटरची, म्हणून खराब रस्त्याला आणि लांबच्या पल्ल्याला हीच बरी. २०१७ ते २०२० ची तिसरी पिढी वजनाने हलकी, मागे ऐसपैस, डिकी ३७८ लिटर. टाकी मात्र ३७ लिटरची आणि उंची १६३ मिलिमीटर. पाच माणसं आणि सामान भरलं की गावातल्या उंच गतिरोधकाला पोट घासतं.

कंपनीचा मायलेजचा आकडा २०१२ ला २३.४ होता, २०१५ ला २६.५९ झाला आणि २०१७ ला २८.४०. प्रत्यक्षात हायवेवर ८० ते ९० च्या वेगाने २२ ते २४ मिळतात. एसी लावून गावात फिरलं की १७-१८. विकणारा अठ्ठावीस सांगत असेल तर तो माहितीपत्रक वाचून दाखवतोय, एवढंच समजा.

पैसे पुरत असतील तर २०१७ च्या मेनंतरची घ्या. कारण एकच, दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलना त्या वर्षापासून आले. त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग नाहीत, मग स्टिअरिंगवर कितीही चकचकीत कव्हर चढवलेलं असो. किल्ली ऑनवर फिरवल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. ज्या मॉडेलला या सोयी आहेत त्यात दिवा लागतच नसेल, तर बिघाड लपवायला कोणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. अपघातात फुटलेली एअरबॅग पुन्हा न बसवता नुसतं झाकण चिकटवलेल्या गाड्याही बाजारात फिरत असतात.

मुख्य परीक्षा थंड इंजिनाची. गाडी बघायला सकाळी सातला जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’ पोहोचल्यावर आधी बॉनेटला आणि सायलेन्सरच्या टोकाला हात लावा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत या किंवा दुसरी गाडी बघा. डिझेलची जवळजवळ सगळी दुखणी इंजिन गरम झालं की झाकली जातात. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

चालू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेल काळं दिसलं म्हणून दचकू नका. डिझेलचं तेल बदलल्यावर काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, ती काजळी तेलात धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. उलट खूप किलोमीटर चाललेल्या गाडीत मधासारखं स्वच्छ तेल दिसलं तर कालच बदललंय, आणि का बदललं हे विचारायला हवं. बघायचं ते तेलाची पातळी आणि चिकटपणा. पातळी कमाल खुणेच्या वर असेल आणि तेल बोटावर पाण्यासारखं पातळ लागून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गळक्या इंजेक्टरमधून डिझेल तेलात उतरतंय. कॉफीसारखं दुधाळ तेल दिसलं तर पाणी शिरलंय, तिथूनच परत फिरा.

मग कूलंटची बाटली. रंगीत, स्वच्छ कूलंट असेल तर उत्तम. तांबूस, गढूळ पाणी असेल तर ही मराठवाड्याची खास समस्या समजा. आपल्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. हायवेवर गाडी तापली की ढाब्यावरचा तांब्या रेडिएटरमध्ये रिकामा होतो, पुढे तीच सवय लागते. घरातल्या बादलीवर जसा पांढरा थर चढतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत, वॉटर पंपात आणि हेडच्या वाटांत चढतो. मे महिन्यात ४२-४३ अंशांत एसी लावून पुढच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास सरपटावं लागलं की अशा गाडीचं हेड गॅसकेट जातं. रेडिएटर बदलता येतो, पण हेडमधला थर तसाच राहतो. तपासायला सोपं आहे. थंड इंजिन चालू करून वरचा रबरी पाइप हातात धरा. पाणी तापायच्या आत, मिनिटभरातच तो फुगून दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. गरम झाल्यावर झाकण उघडायला मात्र जाऊ नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आता चालू करा. ग्लो प्लगचा दिवा विझू द्या आणि मग किल्ली फिरवा. निरोगी इंजिन सेकंदा-दीड सेकंदात पेट घेतं. चार-पाच सेकंद घरघरत असेल तर बॅटरी, ग्लो प्लग, नाहीतर इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे परत जाणारं डिझेल, वाढलंय. सुरू होताच ऑइलचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाच्या बाजूने साखळी पत्र्यावर घासल्यासारखी खडखड आली आणि ती रेंगाळली, तर टायमिंग चैन ताणलीय. कंपनीने चैन बदलायचा ठरावीक मुहूर्त दिलेला नाही, म्हणून लोक समजतात की ती जन्मभराची. तेल वेळेवर बदललेल्या गाडीत ती खरंच खूप टिकते. तेल वीस-वीस हजार ओढलेल्या गाडीत लाखाच्या पुढे कधीही सैल होते, कारण तिचा टेन्शनर तेलाच्याच दाबावर चालतो. चैन तुटली किंवा दाता सुटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. मग ते काम मोठं, सौद्यात कापून घेण्यासारखं राहत नाही.

धुराचा रंग बघा. थंडीत पहिल्या मिनिटात थोडा पांढरा धूर चालतो, इंजिन तापल्यावरही राहिला तर नाही. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर आला तर ठीक, सतत येत असेल तर जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चिकटलाय, एअर फिल्टर धुळीने भरलाय किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. फिल्टर काढून बघा. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाच्या बराच आधी मातीने भरतो, आणि फिल्टर घरात नीट बसला नसेल तर ती माती टर्बोची पाती आणि सिलिंडर खाते.

इंजिन आयडलवर असताना तेल भरायचं झाकण सैल करून तसंच भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं, किंवा भोकातून गाडीच्या सायलेन्सरसारखे धुराचे भपकारे आले, तर ज्याला आपले मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच. पिस्टन रिंगा गेल्या, इंजिनाचं काम निघालं. अशी गाडी चालते, बऱ्यापैकी पळतेही, म्हणूनच फसवते.

मग वाकून इंजेक्टरच्या बुडाशी बघा. तिथे डांबरासारखा काळा कडक थर जमला असेल आणि ‘फुस-फुस’ असा आवाज येत असेल तर तळाचं तांब्याचं वॉशर गळतंय. लवकर पकडलं तर स्वस्तातलं काम. तसंच चालवलं तर इंजेक्टर हेडमध्ये असा जाम होतो की काढताना हेडच खोलावं लागतं. इंजेक्टरची खरी तपासणी रिटर्न टेस्टने होते. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल यायला हवं. एखादी दुपटीने भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. डिझेल पंपाचं काम करणारा कुठलाही चांगला मिस्त्री हे अर्ध्या तासात करून देतो. चार इंजेक्टर म्हणजे या गाडीतला सगळ्यात महागडा धोका आहे, तेव्हा एवढा अर्धा तास वाचवू नका. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ नावाने मिळणारं स्वस्त इंधन ज्या गाडीच्या पोटात गेलंय, ती या चाचणीत उघडी पडते. डिझेल फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात काढा. खाली पाण्याचा थेंब किंवा गाळ बसला तर मागच्या मालकाने पंप निवडताना फक्त भाव पाहिलाय.

टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या पाइपात तेलाचा पातळ हात असतोच. पाइप काढल्यावर तेल ओघळून खाली पडलं तर टर्बोचं सील किंवा बेअरिंग गेलंय. चालवताना बारीक शिट्टी ऐकू येते ती चालते. तिचा रुग्णवाहिकेसारखा भोंगा झाला तर नाही.

आणि गाडीखाली एकदा झोपाच. ऑइल चेंबर दगडाने चेपलेलं आहे का बघा. गाड्यांच्या चाकोरीतून जाताना मधल्या उंचवट्यावर ते हमखास आपटतं. चेपलेल्या चेंबरमुळे आतली तेल ओढायची जाळी अडते आणि घाट चढताना तेलाचा दाब पडतो. वरून काहीच दिसत नाही. हा दोष विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतो.

चालवून बघायला गल्लीतली चक्कर पुरत नाही. कमीत कमी वीस किलोमीटर, त्यात थोडा घाट हवा. बीडकरांना मांजरसुंब्याचा, संभाजीनगरच्यांना कन्नडचा, धाराशिवकरांना तुळजापूरचा जवळ आहे. तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमवर गाडी ठेवून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. दोन हजारापर्यंत गाडी झोपल्यासारखी वाटेल. हा या इंजिनाचा जन्मजात स्वभाव आहे, दोष नव्हे. दोन हजारांनंतर ती एकदम उचल घेते आणि चार हजारांपर्यंत एकसारखी ओढते. मध्येच अडखळली, किंवा एका ठरावीक वेगानंतर जोरच संपला आणि पिवळा दिवा लागला, तर टर्बो, ईजीआर किंवा इंधनाच्या दाबाचा सेन्सर. घाटात पाच माणसांसह वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग तुटला की हा आळस फार जाणवतो. मग चालवणारे अर्धा क्लच दाबून इंजिन फिरतं ठेवतात आणि क्लच प्लेट जाळतात. म्हणून क्लचची परीक्षा वेगळी करा. चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जाताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाले आणि वेग मागेच राहिला तर प्लेट संपली. मग सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढून तिसऱ्या गिअरला क्लच हळूहळू सोडा, इंजिन बंद पडलं पाहिजे. पेडल जड लागत असेल तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही सोबत बदलायला येणार.

स्टिअरिंग जागेवरच दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू पुढे न्या. ‘टक-टक-टक’ आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगमध्येच कटकट जाणवली तर कॉलमचा किंवा रॅकचा सांधा, हे या गाडीत बऱ्याचदा ऐकू येतं. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप ही आपल्या रस्त्यांवरची वापरून संपणारी वस्तू आहे. पन्नास-साठ हजार किलोमीटरांनी ती बदलायचीच असते, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. फक्त भाव पाडून घ्या.

दुपारी पुन्हा एकदा एसी लावून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी यंत्र जवळ असेल तर कूलंटचं तापमान मोबाइलवर दिसतं. ८५ ते १०० च्या दरम्यान राहिलं आणि पंखा चालू-बंद होत राहिला तर गाडी निरोगी. १०५ च्या पुढे सरकत गेलं तर इंजिन लगेच बंद करा. याच यंत्रावर जुने फॉल्ट कोडही वाचता येतात. आदल्या दिवशीच कोणीतरी सगळे कोड पुसले असतील तर काही चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवतं, तो इशारा समजा.

एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी डिझायर मिळत असेल तर गावाकडच्यांनी मोह टाळावा. चालवायला ती सोपी आहे, यात वाद नाही. पण तिचं अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे गिअर बदलणारं यंत्र, बिघडलं तर स्कॅनर आणि सेटिंगशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि हिंगोली-सेलूच्या आसपास तेवढं काम येणारा माणूस शोधत फिरावं लागतं. घाटात तिचं गिअर बदलणं टर्बोच्या आळसात मिसळलं की ओव्हरटेक करताना धाडस होत नाही.

पत्र्याकडे वळताना एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत गाडी फारशी गंजत नाही. एमएच-२० ते एमएच-२६ पासिंगच्या गाडीच्या चासीला जास्त गंज दिसला तर ती आयुष्यातली काही वर्षं समुद्राकाठी राहिलीय किंवा पाण्यात उभी राहिलीय. दुसरी शक्यता आता जास्त गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेड भागांत वाहनं पाण्याखाली गेली होती आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात येणारच. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. पुढच्या सीटखालचे वायरचे सॉकेट उघडून हिरवट बुरशी बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात, डिकीच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या खालच्या फोममध्ये काळ्या मातीचा बारीक थर असतो. तो कुठल्याच वॉशिंग सेंटरला पूर्ण निघत नाही. आत भरपूर अत्तर मारलेलं असेल तर आधी सगळ्या काचा लावून दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग दार उघडून वास घ्या.

अपघात ओळखायला फ्रिजवरचं चपटं लोहचुंबक आणि कागदाचा एक तुकडा पुरतो. दारं, मडगार्ड, मागच्या चाकावरचा पत्रा, छत यांवर कागद ठेवून चुंबक चिकटवत जा. जिथे ते घसरलं तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलीय. दाराला ओरखडे भरले असतील तर काही बिघडत नाही. दाराचं रबर ओढून आतले स्पॉट वेल्डचे गोल ठसे बघा, ते सारख्या अंतरावर हवेत. पुढच्या अ‍ॅप्रनवर (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा), शॉकअपच्या टोपीजवळ किंवा डिकीच्या तळाशी हाताने मारलेलं वेल्डिंग दिसलं तर गाडीचा सांगाडा सरळ केलाय. अशी गाडी समृद्धीवर १२० ने पळवायची नाही, आणि विकत घ्यायचीही नाही.

टायरची तारीखही तेवढीच महत्त्वाची. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांहून जुनं टायर उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर धोक्याचं. आणि मीटर जर ४२ हजार दाखवत असेल, पण टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसत असतील, पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगवरचा दाणा पुसला गेला असेल, तर मीटरवर कोणाचा तरी हात फिरलाय. गाडी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागवा. शेवटची नोंद जास्त किलोमीटरची निघाली तर बोलणंच संपलं.

आता टॅक्सी. बाजारातली प्रत्येक गाडी ‘सिंगल हँड, डॉक्टरची’ असते. इतक्या डॉक्टरांनी डिझायर घेतल्या असत्या तर मराठवाड्यात तालुक्याला डॉक्टरांची टंचाई राहिली नसती. प्रत्यक्षात दुसऱ्या पिढीचीच गाडी पुढे टूर नावाने भाड्याच्या धंद्यासाठी विकली जात होती, आणि पिवळ्या पाटीची गाडी कर भरून पांढऱ्या पाटीची करता येते. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून वाहनाचा प्रकार आणि आधीची नोंद बघा. छताच्या कडेला कॅरिअरचे दाब, मागच्या सीटचा खोल गेलेला मधला भाग, वेगमर्यादा यंत्राची कापलेली वायर, मागच्या दाराच्या हँडलभोवती नखांचे जास्त ओरखडे, या खुणा लपत नाहीत. तीन-साडेतीन लाख किलोमीटर झालेलं मल्टिजेटही कधीकधी गोड चालतं, पण त्याला खाजगी गाडीचा भाव द्यायचा नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्याही इकडे येतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बरीच वर्षं टांगती तलवार राहिल्यामुळे त्या स्वस्त मिळतात. पण एनओसी, इथला कर आणि नवा नंबर धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच आटते. एनओसी हातात नसलेली दिल्लीची गाडी म्हणजे घरासमोर उभं करायचं लोखंड.

दुसऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात. अमेझचं १.५ लिटर इंजिन १०० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचं, कमी आरपीएमला डिझायरपेक्षा कितीतरी चांगलं ओढतं, डिकीही ४०० लिटरची. घाटात राहणाऱ्याने हीच घ्यावी. केबिनमध्ये आवाज जास्त येतो आणि सुटे भाग डिझायरइतके गल्लोगल्ली मिळत नाहीत. टोयोटा इटिऑस दिसायला साधी, पण १३६४ सीसीचं इंजिन जिद्दी आणि डिकी ५९५ लिटरची. फक्त टॅक्सीतून आलेली नाही ना, ते दहादा बघा. टाटा झेस्टच्या सगळ्यात खालचं मॉडेल सोडून बाकीच्यांत हेच मल्टिजेट ९० पीएसच्या व्हीजीटी टर्बोसह येतं आणि गाडी वजनदार, स्थिर. पण विकताना भाव पडतो, आणि घेताना तोच तुमचा फायदा. फोर्ड अ‍ॅस्पायर चालवायला या सगळ्यांत मजेशीर, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर. तिला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याचं बिल नसेल तर आल्याआल्या बदलायचा. फोर्डने २०२१ मध्ये भारतीय बाजारासाठी गाड्या बनवणं बंद केलं, तेव्हा जवळच्या शहरात भाग मिळतात का ते विचारूनच हात घाला. ह्युंदाई एक्सेंट गावात बरी, पाच माणसं घेऊन लांब जायला तीन सिलिंडरचं इंजिन दमतं.

कागदांचं शेवटी, पण इसार देण्याआधी. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांची एनओसी. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतली गाडी असेल तर फॉर्म २८. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर अक्षर जुळवा, ठोकलेल्या अंकांभोवती घासल्याच्या खुणा नकोत. ई-चलानची बाकी बघा, एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसलीय का बघा. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस ५० टक्के असेल तर मालकाने सलग काही वर्षं क्लेम घेतलेला नाही. तो शून्यावर आला असेल तर मागच्याच वर्षी काहीतरी झालंय, काय झालं ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, तुमच्याकडे येत नाही, पण विमा तुमच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यावा लागतो.

आणि दुसरी किल्ली मागा. इमोबिलायझरची कोड केलेली किल्ली नंतर करायला खर्चही येतो आणि वेळही जातो, शिवाय ती नेमकी कोणाच्या खिशात आहे हा प्रश्न उरतोच. पैसे देताना ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, त्या दिवशी सकाळी कोणी कुठे चलान खाल्लं असेल तर ते त्यावरूनच ठरतं.